ए, बी, सी, डी आणि डी प्लस

मे 1973. औरंगाबादहून नगरकडे निघालेल्या रस्त्यावर तुम्ही उभे आहात. वाळूज अजून थोडं पुढे आहे. डांबर इतकं मऊ झालंय की पाऊल उचलताना चप्पल चिकटते. कडेला खडीचे ढीग लागलेत आणि प्रत्येक ढिगामागे एक अख्खं घर बसलंय: नवरा, बायको, म्हातारी, आठ-दहा वर्षांचं पोर. दगड निसटू नये म्हणून जुन्या टायरची कडी त्याच्याभोवती धरायची आणि वरून हातोडा घालायचा. बोटांना चिंध्या बांधल्यात. डोळ्यांना काहीच नाही. कपची उडाली की मान बाजूला घ्यायची, एवढीच सोय.

तुमचे कपडे स्वच्छ दिसतात म्हणून एक बाई हात थांबवून विचारते, "तुमी ओव्हरसियर का?"

"नाही."

"मंग सावलीत बसा दादा. कामून उगं उन्हात तापता?"

सावली म्हणजे एक बाभूळ. तिच्याखाली मुकादम मस्टर घेऊन बसलाय. थोड्या वेळानं तो उठतो आणि ढिगांची मापं घेतो. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. ढीग टेकडीसारखा निमुळता रचला तर मापात मार खातो, म्हणून बाई हातानं कडा थापून सरळ करतेय. मग मस्टरवर अंगठा. पोराच्या हातात जर्मनच्या वाटीत सुकडी आहे. ते ती बोटानं चाटत तुमच्याकडे बघतंय.

बाईची चार एकर जमीन इथून हाकेच्या अंतरावर आहे. गेल्या खरिपात टाकलेलं बी जमिनीतच जळालं. बैल बाजारात गेले. या महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसं आहेत. सरकारनं रोजगार निर्माण केला, या वाक्याचा सगळ्यात उघडा अर्थ तुमच्या समोर बसून दगड फोडतोय. ही खडी कोणत्या रस्त्यावर पडणार, हे बाईला ठाऊक नाही आणि मुकादमालाही नाही. पण मजुरी मिळते, चूल पेटते. मुंबईत बसून याची चेष्टा करणारे तेव्हाही होते. त्यांना या बाभळीखाली दुपारी दोन वाजता आणून बसवायला हवं होतं.

ही बाई आणि तिची चार एकर ध्यानात ठेवा. आपल्याला याच रस्त्यावर पुन्हा यायचंय. त्याआधी मुंबईला जाऊ, कारण या जमिनीचं नशीब तिथे आधीच कागदावर आलंय.

साल 1964. मंत्रालयाला अजून सचिवालय म्हणतात. वसंतराव नाईक मुख्यमंत्री आहेत. उद्योग खात्यातल्या एका टेबलाशी तुम्ही उभे आहात. वर पंखा फिरतोय आणि फायलींचे कोपरे फडफडतायत. राज्य होऊन चार वर्षं झालीत. विदर्भ आणि मराठवाड्याला सोबत घेताना 1953 च्या नागपूर करारात जे कबूल केलं, ते अजून कोणी विसरलेलं नाही. आणि कारखाने मात्र मुंबई, ठाणे, फार तर पुणे सोडायला तयार नाहीत.

दोन वर्षांपूर्वी, 1 ऑगस्ट 1962 ला, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालंय. पुढे सगळा महाराष्ट्र त्याला एमआयडीसी म्हणेल, आणि त्याहून गंमत म्हणजे ते ज्या जागेवर कारखाने वसवेल त्या जागेलाही एमआयडीसीच म्हणेल. "कुठे राहतो?" "एमआयडीसीत." काम तसं सरळ आहे: जमीन घ्यायची, रस्ता, पाणी, वीज आणून तिचे प्लॉट पाडायचे. अडचण अशी की प्लॉट पाडले म्हणून कारखानदार येत नाही. त्याला बंदर हवं, बँक हवी, बाजार हवा, आणि मशिन बंद पडली तर त्याच दिवशी ती दुरुस्त करणारा मिस्त्री हवा. हे सगळं मुंबईत आहे. मराठवाड्यात जमीन स्वस्त आहे, पण निव्वळ स्वस्त जमिनीवर कारखाना उभा राहिला असता तर वाळवंटं कारखान्यांनी भरली असती.

म्हणून टेबलावरच्या फायलीत या वर्षी नवा विचार आलाय. त्याचं नाव सामूहिक प्रोत्साहन योजना. मुंबई-ठाणे-पुण्याच्या पट्ट्याबाहेर कारखाना काढा, सरकार तुमच्या करांत सवलत देईल. जितका भाग मागास, तितकी सवलत जास्त. योजना पुढे अनेकदा बदलेल, 1979, 1983, 1988, 1993, आणि नंतरही. पण गाभा हाच राहील. सगळ्या तालुक्यांना प्रतवारी लागेल: ए, बी, सी, डी, आणि डीलाही पुरत नाही म्हणून डी प्लस. त्याच्याही खाली 'विनाउद्योग जिल्हा' असा वेगळा कप्पा. शाळेत डी मिळाला तर बाप कान धरतो. इथे आपल्या तालुक्याला डी प्लस मिळावा म्हणून पुढारी मुंबईला खेटे घालतील, आणि मिळाला की चौकात सत्कार होतील.

सवलतीची खरी किल्ली विक्रीकर आहे. ती नीट बघून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर फिरतं. कारखानदार माल विकताना गिऱ्हाइकाकडून कर वसूल करतो. तो सरकारात भरायचा असतो. मागास भागातल्या कारखान्याला एकतर तो माफ, नाहीतर स्थगित. स्थगित म्हणजे आज वसूल केलेला पैसा आज भरायचा नाही. काही वर्षांनी भरायचा, तोही बिनव्याजी. बँकेचं व्याज अठरा-वीस टक्क्यांवर गेलेल्या काळात हे काय प्रकरण आहे, ते कारखानदाराला कोणी समजावून सांगावं लागत नाही. म्हणजे मराठवाड्यात कारखाना उभा करण्याचा खर्च, माल विकत घेणारा गिऱ्हाईकच मुकाट उचलतो. त्याला ते माहीतही नसतं.

आता परत त्या रस्त्यावर. ऐंशीचं दशक नुकतं लागलंय. चिकलठाण्याला आणि स्टेशनजवळ एमआयडीसी आधीच वसलीय. आता नगर रस्त्याची पाळी आहे. तलाठ्याच्या खोलीत गर्दी आहे. दगड फोडणारी बाई आता केस पिकलेली, कोपऱ्यात उभी आहे. वाटी चाटणारं पोर अठरा वर्षांचं झालंय आणि आईच्या हातातला कागद तेच वाचून दाखवतंय. कलम 32 ची नोटीस. जमीन औद्योगिक क्षेत्रासाठी का घेऊ नये, याचं कारण दाखवा. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात महामंडळाचं नाव चढलंय. तो शिक्का पडला की जमीन विकता येत नाही, तिच्यावर कर्ज मिळत नाही, विहीर खणायची तर मन लागत नाही. काही गावांत हा शिक्का वर्षानुवर्षं तसाच राहतो. महामंडळ जमीन घेतही नाही आणि सोडतही नाही.

"पैशे किती देतेत?" बाई पोराला विचारते. तलाठी आकडा सांगतो. बाई त्यावर बोलत नाही. ती विचारते, "आन् ह्याला कामाला घेतेत का?"

तलाठ्याजवळ उत्तर नाही. त्या खोलीत कोणाजवळच नाही. पण ज्यांच्या पोरानं आयटीआय केलंय त्यांचे चेहरे निराळे आहेत, हे तुमच्या लक्षात येतं. फिटर, टर्नर, वेल्डर. हे शब्द या भागात नोकरीचे शब्द होऊ लागलेत.

नोव्हेंबर 1985. बजाज ऑटोच्या वाळूजच्या कारखान्याचं उद्घाटन आहे. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग आलेत. 16 महिन्यांत कारखाना उभा राहून उत्पादन सुरू झालं, याचा कंपनीला अभिमान आहे, आणि तो खोटा नाही. आठवा, हा लायसन्सचा काळ आहे. स्कूटरची नोंदणी केली की वाट बघायची, पोरगं शाळेत असताना नाव लावलं तर ते नोकरीला लागेपर्यंत गाडी येईल अशी स्थिती. हुंड्याच्या बोलणीत बजाजची चेतक असते. पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यातून पुरवठा पुरत नाही आणि पुण्यात आणखी वाढायला सरकारचं उत्तेजन नाही. राहुल बजाजांना नवी जागा हवी होती. ती मुंबई-पुण्याला रस्त्यानं जोडलेली हवी होती, कारण औरंगाबादची रेल्वे अजून मीटरगेज आहे. मनमाडला डब्यातला माल उतरवून पुन्हा चढवावा लागतो. आणि पाणी हवं होतं. पैठणला जायकवाडीचं धरण 1976 मध्ये पुरं झालंय. नाथसागर भरलेला आहे.

म्हणजे बघा, मराठवाड्यात सवलत असलेली जागा ही एकटी नव्हती. पण सवलत, पुण्याला जाणारा रस्ता, भरलेलं धरण आणि विमानतळ या चारही गोष्टी जिथे एकत्र होत्या ती जागा हीच.

गेटवर आठ-आठ तासांची पाळी सुटते तेव्हा तुम्ही तिथे थांबा. फर्स्ट शिफ्टची पोरं बाहेर येतात, निळा शर्ट, खिशाला पेन, हातात डबा. वैजापूरची, गंगापूरची, पैठणची, थोडी बीडची. त्यांच्यातला एक चालता चालता पगाराची चिठ्ठी उलगडून पुन्हा वाचतो. प्रॉव्हिडंट फंड कापलाय, ईएसआय कापलाय. घरी गेल्यावर बाप विचारणार आहे की हे पैसे कापले कशाला, आणि हा त्याला समजावून सांगणार आहे की म्हातारपणी मिळतात. या घरात म्हातारपणाचे पैसे पहिल्यांदाच कोणी साठवतंय.

पण गेटकडेच बघत राहिलात तर अर्धी गोष्ट हुकेल. रस्ता ओलांडून आत चला. पत्र्याच्या शेडमधून धातूच्या ओतकामाचा वास येतोय. 1985 मध्येच राहुल बजाजांचे भाचे अनुरंग जैन यांनी औरंगाबादेत ॲल्युमिनियम डाय कास्टिंगच्या 2 मशिनवर काम सुरू केलंय. ती एन्ड्युरन्स. त्यांचे जुळे भाऊ तरंग जैन पुढे व्हॅरॉक उभी करतील. स्कूटरला शेकड्यानं सुटे भाग लागतात, आणि ते रोज पुण्याहून आणणं परवडत नाही. म्हणून मोठ्या कारखान्याभोवती 'व्हेंडर' उगवतात. त्या व्हेंडरला लागणारी डाय कोणी बनवतो, डायचं पॉलिश कोणी करतो, पॅकिंगचे पुठ्ठे कोणी करतो, आणि रात्री दीडला बेअरिंग गेली तर दार वाजवून उठवायचा मिस्त्री गल्लीत राहतो. मुंबई सोडवत नव्हती ती या मिस्त्रीपायी. तो वाळूजला राहायला आला, त्या दिवशी ही एमआयडीसी खरी झाली. सरकारी कागदावर त्या दिवसाची तारीख कुठेच नाही.

पुढच्या काही वर्षांत आशियात सगळ्यात वेगानं वाढणारं शहर असं औरंगाबादबद्दल अभिमानानं म्हटलं जाईल. मोजणी कोणी केली, हे विचारायचं नाही.

आता रस्ता बदला. मराठवाडाच, दशकही तेच, पण दुसरा जिल्हा. बस तालुक्याच्या गावाला तुम्हाला सोडते. तिथून तीन-चार किलोमीटर चालत गेलात की एमआयडीसीचा फलक दिसतो. अक्षरं उडालेली. डांबरी रस्ते आखीव, दुतर्फा दिव्याचे खांब, खांबावर दिवे नाहीत. प्लॉटांच्या कोपऱ्यात नंबरचे दगड. बाकी वेड्या बाभळी. एका प्लॉटवर जिनिंगचा कारखाना, कापसाच्या हंगामात चालणारा. दुसऱ्यावर कोणाचं तरी गोदाम. तिसऱ्यावर नुसतं कंपाउंड, मालक मुंबईचा, प्लॉटचा भाव वाढायची वाट बघतोय. शेळ्या राखणाऱ्या पोराला तुम्ही विचारता, इथे काय आहे? तो म्हणतो, "काई न्हाई. मोकळं आहे."

सवलत इथेही आहे. वाळूजपेक्षा जास्तच. कागदावर तर हा तालुका भाग्यवान.

1984 मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीनं राज्याच्या वेगवेगळ्या भागांचा अनुशेष मोजून 3,186 कोटी रुपये हा आकडा सरकारपुढे ठेवला होता. त्यातल्या बाबी बघा: रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य. या बाबी आधी नसतील तर कर माफ करून काय होणार? जो माल बनलाच नाही त्याच्यावरचा कर माफ केला आहे, इतकंच. मराठवाड्याच्या नावानं आखलेली सवलत बहुतांशी एका शहराच्या भोवतालच्या पंचवीस-तीस किलोमीटरांत खर्च झाली. औरंगाबादकरांना हे म्हटलेलं आवडत नाही. परभणी-हिंगोलीच्या लोकांना ते सांगावं लागत नाही.

1995 च्या आषाढी एकादशीला परत वाळूजला या. कारखान्यांच्या वाटेवरच पंढरपूर नावाचं गाव आहे, लोक त्याला छोटं पंढरपूर म्हणतात. ज्यांना भीमेकाठी जाणं होत नाही ते इथे येतात. आज सेकंड शिफ्टला निघालेल्या मोटारसायकली आणि टाळ वाजवत येणाऱ्या दिंड्या यांची एकाच रस्त्यावर कोंडी झालीय. गळ्यात तुळशीची माळ आणि खिशाला कंपनीचं ओळखपत्र लावलेली माणसं तुम्हाला जागोजाग दिसतात.

ते वाटीवालं पोर आता तिशी ओलांडलेलं. त्याला कंपनीत काम लागलं नाही. आयटीआय नव्हतं. पण मोबदल्याच्या पैशातून त्यानं बजाजनगरजवळ जागा घेऊन दहा बाय दहाच्या नऊ खोल्या बांधल्या. एका खोलीत तीन-तीन पोरं, तीन पाळ्यांत काम करणारी, त्यामुळे गादी कधी गार पडत नाही. भाडं वेळेवर येतं. तो तुम्हाला चहा पाजतो आणि सांगतो, "कंपनीत गेलो असतो तर आज ह्यांच्यासारखाच खोली शोधत फिरलो असतो." त्याचा चुलतभाऊ निराळ्या मार्गानं गेलाय. त्याच्याकडे एका कारखान्याच्या भंगाराचा ठेका आहे. कारखान्यात माणसं पुरवण्याचा ठेका मिळावा म्हणून खटपट चालू आहे. पांढरा शर्ट, जीपची वाट बघतोय. औद्योगिक क्षेत्राच्या कोणत्याही अहवालात भंगाराचा ठेका हा शब्द तुम्हाला सापडणार नाही, पण गावातलं राजकारण कळायला तोच पुरे आहे.

1 जानेवारी 2000 आलं की विक्रीकराच्या सवलतींचा हा खेळ थांबतो. थांबवायचं सगळ्या राज्यांनी मिळून ठरवलं, कारण एकमेकांवर चढाओढ करता करता सगळ्यांच्याच तिजोऱ्या हलक्या होत होत्या. मग 2003 मध्ये केंद्र सरकार उत्तराखंड आणि हिमाचलसाठी नवी योजना आणतं. तिथे नवा कारखाना काढला तर 10 वर्षं उत्पादन शुल्क माफ.

2007 मध्ये तुम्ही एकाच वर्षात दोन ठिकाणी जाऊन या. हिमालयाच्या पायथ्याशी, तराईतल्या पंतनगरला, बजाजचा नवा कारखाना सुरू झालाय. इकडे आकुर्डीतलं उत्पादन बंद होतंय. वाळूज चालू आहे, पण वाळूजचे व्हेंडरही पंतनगरला शेड टाकतायत, कारण मोठा कारखाना जिथे जाईल तिथे त्यांना जावंच लागतं. वाळूजच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपात बसा. मालक अकाउंटंटला हिशेब करायला सांगतो: तिथला माल वाहतूक धरूनही इथल्यापेक्षा किती स्वस्त पडेल? अकाउंटंट कॅल्क्युलेटरवरून मान वर करत नाही. ज्या गणितानं कारखाना पुण्याहून इकडे आला, त्याच गणितानं तो पुढे निघालाय. यात कोणाची गद्दारी नाही. ज्याला तुम्ही सवलतीनं बोलावलं, तो दुसऱ्याच्या सवलतीचाही विचार करणारच. वाळूज तरलं ते मघाशी सांगितलेल्या मिस्त्रीमुळे आणि त्याच्याभोवतीच्या गल्ल्यांमुळे. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉन होती. ती कर्जात बुडून 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एका मोठ्या गेटवर पोट असलेल्या गावाचं काय होतं, ते तिथे जाऊन विचारा.

पाळी सुटताना पुन्हा गेटवर थांबा, 2016 मध्ये. तोच रस्ता, पण आता शर्ट एका रंगाचे नाहीत. निळा कंपनीचा, करडा एका ठेकेदाराचा, पिवळा दुसऱ्याचा. 'नीम'वाले वेगळे. ते शिकाऊ. त्यांना पगार नाही, विद्यावेतन मिळतं. चौघं एकाच लाइनवर, एकाच मशिनसमोर उभे राहतात आणि महिन्याअखेरीस चार वेगळे आकडे घरी नेतात. एका पोराला विचारा, कुठे कामाला आहेस? तो कंपनीचं नाव सांगतो. चिठ्ठी दाखव म्हटलं तर चिठ्ठीवर ठेकेदाराचं नाव आहे. लग्नाच्या बैठकीत मुलीकडचे आता पहिला प्रश्न हाच विचारतात: परमनंट आहे का?

या सगळ्यांची मोजणी सरकारदरबारी 'रोजगार' या एकाच रकान्यात होते. सवलत घेणाऱ्या कारखान्यानं 80 टक्के स्थानिक माणसं घ्यावीत अशी अट आहे. ती वाचून गावातल्या माणसाची छाती फुगते. पण स्थानिक म्हणजे कोण? 15 वर्षं महाराष्ट्रात राहिलेला कोणीही. रत्नागिरीचा पोरगा वाळूजला स्थानिकच. त्यात गैर काही नाही, राज्य एक आहे. फक्त ज्याची जमीन गेली त्याला ही व्याख्या आधी कोणी वाचून दाखवली नव्हती. सवलतीची रक्कम ठरते ती जमीन, इमारत, यंत्रं यांत घातलेल्या भांडवलावर. मेगा प्रकल्पाचा मोठा दर्जा हवा असेल तर गुंतवणुकीचा आकडा किंवा माणसांचा आकडा, यांपैकी एक पुरा केला तरी भागतं. कारखानदार कोणता निवडेल, हे तुम्ही त्याच्या जागी बसून बघा. रोबोला ईएसआय लागत नाही.

त्याच 2016 च्या एप्रिलमध्ये पैठणला जा. नाथसागराच्या पोटात तडे गेलेला गाळ आहे. धरण मृतसाठ्यात आहे आणि त्या साठ्यातूनच शहराला, गावांना आणि कारखान्यांना पाणी उपसलं जातंय. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी जातंय. औरंगाबादच्या बिअरच्या कारखान्यांना पाणी द्यायचं की नाही, हा वाद उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला, आणि न्यायालयानं मद्य उद्योगाच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली. टपरीवर चर्चा रंगलीय. एक म्हणतो, बंदच करा ते कारखाने. दुसरा, बिअरच्या कंपनीत पॅकिंगला असलेला, गप्प बसून चहा पितो. 1985 मध्ये कारखान्याला खेचून आणणारं पाणी हेच. त्याच्या खात्रीवर किती प्लॉट विकले आणि किती वर्षं धरण भरलं नाही, याची सांगड कोणत्या टेबलावर घातली जाते?

आता अगदी अलीकडे या. शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालंय. समृद्धी महामार्ग जून 2025 पासून नागपूर ते मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण खुला आहे. शेंद्रा आणि बिडकीनला दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधलं ऑरिक उभं आहे. शेंद्र्याच्या ऑरिक हॉलचं उद्घाटन सप्टेंबर 2019 मध्ये पंतप्रधानांनी केलं, बिडकीनच्या क्षेत्राचं सप्टेंबर 2024 मध्ये. वाळूजला जे रस्त्याच्या वर लोंबकळतं ते इथे जमिनीखाली आहे: वीज, पाण्याच्या पाइपा, केबल. प्लॉटसाठी अर्ज ऑनलाइन. जुलै 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करनं सुमारे 20,000 कोटींच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार केला. एथर एनर्जीची विजेवरची स्कूटर इथे व्हायची आहे. म्हणजे चेतकनं सुरू केलेली गोष्ट पेट्रोल सोडून पुढे चाललीय.

बिडकीनच्या सहापदरी रस्त्यावर भर दुपारी तुम्ही चालत जाता. रस्ता सुरेख आहे. गाड्या थोड्या. कडेला माती उकरणारी यंत्रं, लांबवर एक मोठी शेड उभी राहतेय. जमिनीला एकरी 23 लाख मोबदला मिळाला. त्या पैशातून कोणी दुसऱ्या तालुक्यात जमीन घेतली, कोणी बंगला बांधला, कोणाचे संपले. चहाच्या टपरीवर एक पोरगा भेटतो, पॉलिटेक्निकला मेकॅट्रॉनिक्स शिकतोय. "काका, बॅटरीवाल्या कंपनीत डिप्लोमा चालतो का हो?" हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी तलाठ्याच्या खोलीत विचारलेल्या प्रश्नापेक्षा पुढचा आहे. हे मी प्रगतीच म्हणेन. या भागातल्या पोरानं कोणता कोर्स करू हे विचारणं, ही वाळूजची सगळ्यात मोठी कमाई.

पण ऑरिकवर माझा विश्वास अजून पुरता बसलेला नाही. केबल जमिनीखाली गेल्या म्हणून नव्हे, तर छोट्या वर्कशॉपवाल्याला तिथला प्लॉट परवडणार की नाही, हे मला दिसत नाही म्हणून. तो आला नाही तर चकचकीत गेटांची एक रांग उभी राहील आणि तिच्यामागे गल्ल्या नसतील. दुसरी सवलत दिसली की अशी गेटं लवकर हलतात, हे आपण 2007 मध्ये पाहून आलो. माझ्या हाती असतं तर मी सवलतीची रक्कम भांडवलाऐवजी कायम कामगारांच्या प्रॉव्हिडंट फंडाच्या यादीला बांधली असती. जितकी नावं सलग पाच वर्षं त्या यादीत राहिली, तितका परतावा. हिशेब सोपा आहे आणि माहिती सरकारजवळच आहे.

तोवर तुम्ही एक करा. पुढच्या खेपेला पेपरात तुमच्या जिल्ह्याचं नाव आणि 'इतक्या हजार जणांना रोजगार' असा मथळा आला, तर दोन वर्षं थांबा आणि त्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये जाऊन प्राचार्यांना भेटा. यंदा किती पोरं घेतली, कोणत्या ट्रेडची घेतली, कंपनीनं घेतली की ठेकेदारानं, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना विचारायला सहसा कोणी येत नाही.